मांजराला पडलेलं मत

१

माझ्या सख्ख्या भावाला माझ्या नवऱ्याने माझ्याच घरात कोंडलं, आणि वर मला विचारलं, "आज जेवायला काय?"

मी बटाटे सोलत होते. हातात सुरी होती आणि तरी मी बटाटेच सोलत राहिले, याची लोकांनी दखल घ्यावी.

शेरीफची, म्हणजे जिल्ह्यातून निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाची, बायको झालं की तुरुंगातच संसार करावा लागतो. आमच्या जिल्ह्यात शेरीफला घर मिळतं ते तुरुंगाला चिकटून. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की थेट कोठड्यांचा बोळ. कैद्यांचं खाणंपिणं शेरीफच्या बायकोने बघायचं, अशी रीत. मतं मिळतात त्याला, हात भाजतात हिचे.

त्या वर्षी, म्हणजे १९५० साली, सगळ्या राज्यात लेफ्टनंट गव्हर्नरच्या जागेवरून रण माजलं होतं. एरवी या जागेला कुत्रं विचारत नाही. गव्हर्नर धडधाकट असला की याने खुर्चीत बसून पेंगायचं. पण निवडून आलेल्या गव्हर्नरचं हृदय गेलं वर्षभर दगा देत होतं आणि ही गोष्ट राजधानीतल्या बड्यांनी दाबून ठेवली होती, हे मतदान झाल्यावर फुटलं. म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर होणारा माणूस उद्या राज्यच चालवणार. एका बाजूला शेतकऱ्यांच्या सहकारी गोदामांचा आर्विड लिंडाल, दुसऱ्या बाजूला बड्या धान्य कंपन्यांचा स्टुअर्ट हॅडली. लिंडाल अगदी निसटता पुढे होता. हॅडलीवाल्यांनी फेरमोजणी मागितली.

मतपेट्या कचेरीच्या तळघरात ठेवायच्या, पण तिथे पाणी झिरपलं होतं. म्हणून त्या आमच्या तुरुंगाच्या शेवटच्या कोठडीत आणून ठेवल्या. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या न्यायमूर्ती टिलटसन यांनी दार लावून, दोन्ही पक्षांचा एकेक माणूस घेऊन त्या मोजल्या. सगळ्या गावांचे आकडे जुळले. नाही जुळला फक्त व्हांगचा.

व्हांग म्हणजे माझं माहेर. सगळी नॉर्वेहून आलेली घरं, सगळे लिंडालचे. गावचा कारकून माझा थोरला भाऊ टोलेफ. त्याने लिहून दिलं होतं की लिंडालला भरघोस मतं, हॅडलीला मूठभर. पेटीतून निघालं बरोबर उलटं. शिशाचं सील मात्र जसंच्या तसं. राज्याचा निकाल एवढ्या एका पेटीने फिरला.

मग ठरलं की टोलेफ स्टेन्सरूड खोटारडा आहे, त्याने खोटे आकडे लिहिले. शेरीफ मर्ल प्रेंटिस, म्हणजे माझे पतिदेव, जाऊन मेव्हण्याला घेऊन आले.

"कायदा नातं बघत नाही, बोर्घिल्ड," मर्ल म्हणाला.

"आणि तू?"

"मी सध्या भूक बघतोय. आणि कॉफीला साय आहे ना आज? मतदानाच्या दिवशी नव्हती."

मतदानाच्या दिवशी घरातली सगळी साय मी व्हांगला पाठवली होती. दर निवडणुकीला पाठवते. तेव्हा त्याने अर्धा दिवस कुरकुर केली होती. भाऊ गजांआड आणि याला सायीचं पडलं होतं.

२

टोलेफदादाने जेवणाला हात लावला नव्हता.

"खा," मी म्हटलं. "उपाशी राहून निर्दोष सुटत नाहीत."

"बोर्घिल्ड, माझे डोळे गेले असतील का गं?"

मला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल. पण हा माणूस स्वतःवरच संशय घेऊन बसला होता. आयुष्यभर ज्याने चर्चच्या दानपेटीपासून गावच्या कुंपणांपर्यंत सगळं मोजलं, आणि ज्याच्या शब्दावर लोक जमिनीच्या हद्दी ठरवत, तो मला विचारत होता की आपण हॅडलीला लिंडाल वाचलं का.

"सगळ्या गावासमोर वाचलीस ना एकेक चिठ्ठी?"

"वाचली. पण गावकऱ्यांचं कोण ऐकतो? ते म्हणतात सगळे एका माळेचे मणी."

"मग पेटी बदलली असेल कुणीतरी."

"तसं म्हणावं तर..." तो थांबला. "मी आकडे लिहिले त्यात हॅडली, लिंडाल आणि 'इतर एक' असं होतं. परवा न्यायमूर्तींनी आकडे वाचून दाखवले, त्यातही इतर एक. चिठ्ठ्या काही मला बघू दिल्या नाहीत. पण तो एक तर निघाला ना! म्हणजे पेटी आमचीच. मग चूक माझीच."

त्या 'एक'चं नाव काढल्यावर एवढ्या दुःखातही त्याच्या ओठांचा कोपरा हलला. मीही हसले असते, पण त्या बोळात हसायची लाज वाटली.

"बोर्घिल्ड, मला तुरुंगाची भीती नाही. पण मी खोटा ठरलो, तर उद्या व्हांगमध्ये कुणाचं काय खरं मानायचं?"

मी ताट तसंच ठेवून परत आले आणि स्वयंपाकघराचं दार इतक्या जोरात आपटलं की फडताळातल्या बशा हलल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, तेही माझ्या छपराखाली? बघतेच, म्हटलं.

३

त्या कोठडीच्या दोन किल्ल्या. एक माझ्या जुडग्यात आणि जुडगा माझ्या कमरेला. मी तो झोपतानाही उशाखाली ठेवते. दुसरी मर्लच्या कड्यात. मर्ल कामावर नसला की ते कडं त्याच्या हाताखालच्या एल्मर रुस्टाडकडे असायचं. आणि एकदा पेट्या तपासायला म्हणून जिल्ह्याचा निवडणूक अधिकारी लेनर्ड कूल्मन ते कडं घेऊन एकटा आत गेला होता.

कूल्मनकडे मी ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा गोड 'पाय' भाजून घेऊन गेले. वाकड्या बोटाशिवाय तूप निघत नाही हे खरं, पण कूल्मनकडून काही काढायचं तर असा एक 'पाय' पुरतो.

"वहिनी, माझ्यावर संशय आहे ना तुमचा?" तो खात खात म्हणाला.

"आहे. शिशाची सीलं तुमच्याकडे, ती दाबायची पकड तुमच्याकडे, कोऱ्या मतपत्रिका तुमच्याकडे."

"कोऱ्या तर छापखान्यातही गठ्ठ्याने पडल्यात, कुणीही उचलाव्यात. सीलं या उघड्या खणात असतात. आणि पकड?" त्याने चमचा खाली ठेवला. "पकड तुमच्याच तुरुंगात होती की! फेरमोजणीच्या आधी तुमचा एल्मर घेऊन गेला. जप्त केलेल्या दारूच्या पिंपांना सील ठोकायचंय म्हणाला."

"आणि तुम्ही दिलीत?"

"शेरीफच्या माणसाला नाही कसं म्हणू? वहिनी, मी टोलेफला वर्षानुवर्षं ओळखतो. मतदानाच्या संध्याकाळी मी फोन करून त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, त्याने नेहमीचं उत्तर दिलं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. असा माणूस त्याच हाताने खोटे आकडे लिहील?"

माझ्या डोक्यात एल्मर घुसला. एल्मर व्हांगचाच, पण त्याचं लग्न ठरलेलं, शेतावर कर्जाचा भार. बड्या लोकांनी जाळं टाकायला असाच मासा बरा.

तो अंगणात बर्फ ओढत होता. मी जाऊन त्याच्या हातातलं फावडंच धरलं.

"पकड कशाला आणलीस रे?"

"आत्या, साहेबांनी सांगितली आणायला. पिंपांसाठी."

"पिंपांना सील लागलेलं मी तरी नाही पाहिलं."

"मीही नाही," एल्मर म्हणाला. मग त्याचा चेहरा लाल झाला. "माझ्यावर संशय घेताय होय? अहो, तुमची साय घेऊन मीच गेलो होतो व्हांगला! मोजणी संपेपर्यंत सभागृहात थांबलो होतो. टोलेफकाका एकेक चिठ्ठी वाचत होते, मी कानांनी ऐकलीय. न्यायमूर्तींना सांगायला गेलो तर म्हणाले, ऐकलेलं नाही, मोजलेलं खरं. आणि साहेब म्हणाले, नोकरी हवी असेल तर तोंड बंद ठेव."

त्याचे डोळे भरले होते. मी फावडं सोडलं.

परतले तर स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीत, पाय पसरून हॅडलीचा राजधानीतला वकील रॉइस व्हिटकम बसलेला. मर्लशी काहीतरी कुजबुज चालली होती. मला बघून दोघं गप्प झाले.

"मॅडम, तुमच्या भावाचं वाईट वाटतं," व्हिटकम हसत म्हणाला. "पण तुमच्या माहेरच्या लोकांनाही जरा शिकवायला हवं. साधी फुली मारता येत नाही. ते एक बाद मत बघितलं मी. पठ्ठ्याने दोन्ही नावांपुढे फुल्या मारल्यात!"

कूल्मनकडून परत आणलेलं रिकामं भांडं माझ्या हातातून जमिनीवर पडलं आणि त्याचे तुकडे झाले.

"कुठलं एक?" मी विचारलं.

"ते इतर एक. दुसरं होतंच कुठे?"

"हाताला तेल होतं," मी मर्लला म्हटलं आणि खाली वाकून तुकडे गोळा करू लागले. माझा चेहरा त्या दोघांनी बघायला नको होता.

४

एल्मरने मला गाडीतून व्हांगला नेलं. गावाच्या टोकाला गुरी ट्वेट राहते. आम्ही तिला आजी म्हणतो आणि घाबरतो.

दार उघडल्याबरोबर एक भलंमोठं करड्या रंगाचं मांजर माझ्या पायांत आलं. त्याचं नाव मॉन्स. त्याच्या आधीच्या मांजराचंही मॉन्स आणि त्याच्या आधीच्याचंही.

"आजी, एकच विचारायला आलेय. लेफ्टनंट गव्हर्नरसाठी मत कुणाला दिलंत?"

"म्हणजे काय? मॉन्सला!" आजी खेकसली. "बायकांना मत मिळाल्यापासून देत आलेय. दिवसभर झोपायचं, आयतं खायचं आणि घरधनी मरायची वाट बघायची, हे काम मांजराइतकं चांगलं कोण करेल?"

मतपत्रिकेवर छापील नावांखाली एक ओळ कोरी असते, तिथे हवं ते नाव लिहिता येतं. आजी दर निवडणुकीला तिथे ठसठशीत अक्षरांत 'मॉन्स' लिहिते. टोलेफदादा भर सभेत, अगदी चर्चमध्ये वाचावं तशा आवाजात ते वाचतो, सगळं गाव हसतं, आणि उमेदवाराचं सांत्वन म्हणून त्याच्या घरी बशीभर साय जाते. ती साय माझ्या घरची, कारण माझं लग्न होऊन मी गावाबाहेर गेले तरी या एका विनोदातला माझा वाटा मी सोडलेला नाही. सरकारी कागदावर मात्र मांजराचं नाव कसं लिहिणार? म्हणून दादा लिहितो, 'इतर एक'.

"यंदा नक्की मॉन्सलाच ना? दोघांपुढे फुल्या नाही मारल्यात?"

"माझं डोकं फिरलंय का? त्या हॅडलीपुढे मी फुली मारू? त्याच्या कंपनीच्या काट्याने माझ्या नवऱ्याचा गहू जन्मभर हलका भरला!" आजीची काठी जमिनीवर आपटली. "आणि टोलेफला कुणी आत टाकलाय म्हणे? तुझ्या नवऱ्याने? मुली, तू त्याला अजून जेवायला घालतेस?"

तिने मला सायीची बशी परत दिली. रिकामी देत नाहीत, म्हणून वर बटाट्याच्या पोळ्या ठेवल्या होत्या, लोणी लावून घडी घातलेल्या.

येताना गाडीत सगळं उन्हासारखं लख्ख झालं. पेटीत मॉन्स नव्हता, म्हणजे पेटीतली एकही चिठ्ठी व्हांगची नव्हती. बदलणाऱ्याने पेटी फोडली, आत ठेवलेला दादाचा कागद वाचला. 'इतर एक' दिसल्यावर त्याला वाटलं, कुणा अडाण्याने मत बाद केलं असेल. म्हणून त्यानेही इमानाने एक बाद केलं. मोठा काळजीपूर्वक माणूस! पण मॉन्स त्याला ठाऊक नव्हता.

एल्मरला ठाऊक होता. कूल्मनचा नेहमीचा प्रश्न म्हणजे 'मॉन्सला किती?' हाच. त्या दोघांपैकी कुणी असता, तर पेटीत मांजर सापडलं असतं. व्हिटकमला मॉन्स ठाऊक नव्हता, पण त्याच्याकडे किल्ली कधीच नव्हती.

मग उरलं कोण? रस्त्यात एका ठिकाणी मी एल्मरला गाडी थांबवायला सांगितली, उतरले, आणि बर्फात उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडले. एल्मर समोर बघत राहिला. शहाणं पोर.

तरीही मनात एक बारीक आशा होती. ज्याला मी लग्नापासून दर दोन वर्षांनी, जेवणाच्या टेबलावर, हसत हसत तीच गोष्ट सांगत आले, त्याला ती ठाऊक नसेल असं कसं होईल?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. दादाला मोठ्या तुरुंगात हलवायचा हुकूम निघायचा होता. त्यावर सही होण्याआधी न्यायमूर्तींनी गरम काहीतरी खावं, असं मी म्हटलं. टेबलाच्या टोकाला न्यायमूर्ती टिलटसन, त्यांच्या बाजूला व्हिटकम, मग कूल्मन, एल्मर आणि मर्ल. बोळाचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं. पलीकडे गजांआड दादा तेच डुकराचं मटण आणि तेच बटाटे खात होता.

मर्ल खुशीत होता. "न्यायमूर्ती, ही असं रांधते बघा. पण उन्हाळ्यापर्यंत मी हिला या चुलीतून सोडवणार. राजधानीत घर घेऊ."

"राजधानीत काय आहे?" मी विचारलं.

"बघशील." त्याने व्हिटकमकडे बघितलं. व्हिटकम बटाट्याकडे बघू लागला.

मी कॉफी ओतली. मग कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यंदा मॉन्सला किती पडली?"

कूल्मनच्या तोंडातली कॉफी उडाली. "एक! दुसरं काय? बिचारा पुन्हा पडला!" एल्मर खो खो हसला. आणि उघड्या दारातून, बोळातून, कितीतरी दिवसांनी माझ्या भावाचं हसू ऐकू आलं.

न्यायमूर्तींनी भुवया उंचावल्या. व्हिटकमने कोऱ्या चेहऱ्याने इकडेतिकडे बघितलं.

आणि मर्ल म्हणाला, "कोण मॉन्स? नवा कैदी आहे का कुणी?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने वर मान करून एक घास घेतला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते.

"सांगते," मी म्हटलं. मग न्यायमूर्तींकडे वळून सगळं सांगितलं. गुरीआजी, मांजर, साय, 'इतर एक', दोन फुल्या, पकड, किल्ल्या. न्यायमूर्तींनी काटा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

"ते बाद मत मी पाहिलंय," ते सावकाश म्हणाले. "त्यावर मांजर नव्हतं."

"म्हणजे ती पेटी माझ्या माहेरची नव्हती. जिच्या घरात ती बदलली गेली, ती मी. माझी किल्ली माझ्या उशाखाली होती. बाकी ज्यांच्या हातात किल्ली आली, ते तिघंही या टेबलावर आहेत. त्यातले दोघं आत्ता हसले. तिसऱ्याने विचारलं, कोण मॉन्स."

"बोर्घिल्ड!" मर्ल उठला. "एका मांजरावरून तू मला... अगं, मी नवरा आहे तुझा!"

"कायदा नातं बघत नाही, मर्ल."

"तुझ्यासाठीच केलं!" त्याच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला. मग व्हिटकमकडे बोट केलं. "हे राज्य पोलिसांच्या प्रमुखाची जागा देतो म्हणाले! चिठ्ठ्या यांनीच आणून दिल्या! मी फक्त..."

"मी या गृहस्थांना ओळखत नाही," व्हिटकम म्हणाला आणि रुमालाने ओठ पुसले. माझ्याच रुमालाने.

"माझ्यासाठी?" मी ओरडले. "माझ्या भावाच्या नावाला काळं फासून? चिठ्ठ्या कुठे आहेत खऱ्या?"

मर्लने माझ्या चुलीकडे बघितलं. माझ्याच चुलीत जाळल्या होत्या त्याने. व्हांगच्या एकेका माणसाचं मत जळून गेलं, आणि त्यावर मी पोळ्या भाजल्या असतील.

मी कमरेचा जुडगा काढून एल्मरच्या हातात दिला. त्याने दादाची कोठडी उघडली. दादा बाहेर आला. मर्ल आत गेला.

६

न्यायमूर्तींनी पेटी बाद केली आणि भर सभेत वाचलेली मोजणी खरी धरली. लिंडाल निवडून आला. गव्हर्नरचं हृदय वसंतात थांबलं, आणि आज राज्य तोच चालवतो. व्हिटकमला काही झालं नाही. असल्यांना होत नाही. तो राजधानीत गाड्या बदलत फिरतो, आणि त्याचं नाव निघालं की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

दादा व्हांगला परतला तेव्हा सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. एका शेजाऱ्याने फक्त आपल्या कुंपणाचं भांडण त्याच्यापुढे मांडलं आणि म्हणाला, "तू मोज."

नवा शेरीफ येईपर्यंत स्वयंपाक मलाच करावा लागला. रीत ती रीत. कैदी एकच होता. त्याच्यापुढे ताट सरकवलं, कॉफी ठेवली. तो कपात बघून, सवयीने, म्हणाला,

"बोर्घिल्ड, साय नाही?"

"मॉन्सला दिली," मी म्हटलं.

या वेळी त्याने ऐकलं.